फ्रेंच क्रियापदं: पेन्सिल, देवनागरी आणि टेबलावरचे ठोके

फ्रेंच शिकवणारे बरेच जण मुलांना बजावतात की पुस्तकातल्या शब्दाच्या डोक्यावर देवनागरीत उच्चार लिहायचा नाही, सवय लागते. मी मुद्दाम लिहायला लावते. अटी दोनच: पेन्सिलीने लिहायचं, आणि ऐकून लिहायचं, बघून नाही. बघून लिहिलं की होतं ‘इल्स पार्लेन्ट’. ऐकून लिहिलं की होतं ‘इल् पार्ल्’. दोन्ही एकाच शब्दजोडीचे (अर्थ: ते बोलतात) उच्चार, पण पहिला फ्रेंच माणसाला कळणार नाही.

मी पार्ले पूर्वेला घरीच क्लास घेते. दुपारी अकरावी-बारावीची मुलं येतात, स्कोअरिंग म्हणून फ्रेंच घेतलेली. संध्याकाळी ऑफिसवाले, कॅनडाच्या पीआरसाठी टीईएफ नाहीतर टीसीएफ या फ्रेंचच्या परीक्षा देणारे. मुलांचे मार्क बहुतेक लेखीत असतात, त्यामुळे उच्चार रखडला तरी त्यांचं निभावतं. ऑफिसवाल्यांना परीक्षकासमोर बसून बोलायचं असतं, आणि तिथे क्रियापदाची शेपूट चुकली की काळ चुकतो, कर्ता चुकतो, सगळंच चुकतं. पण दोन्ही बॅचचं दुखणं एकच आहे: फ्रेंच क्रियापदात लिहिलेलं फार आणि बोललेलं थोडं.

हे दुखणं आपल्याला नवं नाही. डोंबिवली लिहिताना डों-बि-व-ली, चार अक्षरं. गाडीत कोणी चार म्हणतं का? डोम्-बिव्-ली. चिंचपोकळी कागदावर पाच अक्षरांची, तोंडात तीन ठोक्यांची: चिंच्-पोक्-ळी. ‘करतो’ म्हणजे कर्-तो. मधला अ आपण गिळतो, आणि तो कुठे गिळायचा हे आपल्याला कुणी कधी शिकवलेलं नाही. अभंगाची अक्षरं मोजायला बसलो की मात्र तोच अ निमूटपणे परत येतो. फ्रेंचमधला मुका ‘ई’, म्हणजे लिहिलेलं पण न बोललेलं रोमन ई हे अक्षर, बराचसा असाच आहे. बोलताना गायब, आणि जुन्या वळणाच्या कवितेत बारा ठोक्यांची ओळ मोजताना, पुढे व्यंजन असलं की, पुन्हा हजर. तेव्हा फ्रेंच लोक अक्षरं खातात म्हणून कपाळावर आठ्या आणण्याचा अधिकार डोंबिवली-चिंचपोकळीवाल्यांना नाही.

आधी खुणा ठरवू

सिलॅबलला मी ठोका म्हणते, कारण माझ्याकडे तो टेबलावर बोटाने वाजवायचा असतो. काही ठिकाणी हनुवटीखाली हात धरून हनुवटी किती वेळा खाली जाते ते मोजायला सांगतात. ती युक्ती ‘आ’ला ठीक आहे, पण ‘फि-नि’ म्हणताना हनुवटी हलतच नाही. बोट बरं. ऐकू येणारा एक स्वर म्हणजे एक ठोका. कागदावर कितीही स्वर असोत, मोजायचा तो ऐकू येणारा.

खाली मी ठोक्यांच्या मध्ये आडवी रेघ देते. पाय मोडलेलं व्यंजन म्हणजे त्यात अ नाही, आणि हे अक्षरशः घ्यायचं. आपण ‘मार्ग’ किंवा ‘शब्द’ म्हणताना शेवटी जो पुसटसा अ सोडतो, तो इथे सोडायचा नाही. ‘पार्ल्’ म्हणताना जीभ ल वर गेली की तिथेच काम संपलं.

चंद्रबिंदू म्हणजे नाकातून निघणारा स्वर. हिंदीतलं ‘हाँ’ आठवा. आपला अनुस्वार फसवा आहे, कारण ‘आंबा’ म्हणताना आपण खरं तर आम्बा म्हणतो, ओठ मिटतात. फ्रेंच ‘ओँ’ म्हणताना ओठ मिटले किंवा जीभ दातांना लागली तर चुकलं. आरशात बघा, तोंड शेवटपर्यंत उघडं राहिलं पाहिजे. १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी आपल्या लेखनातले न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले, पण कोकणात ‘खंय’ म्हणणाऱ्या आजीच्या नाकात ते अजून शाबूत आहेत. ज्यांच्या घरी मालवणी बोलतात त्यांना हा धडा मी निम्म्या वेळात संपवून देते.

नुक्ता दिलेला ‘ज़’ हा ‘जहाज’मधल्या ज च्या जवळचा, पण जीभ दाताला न टेकवता, नुसता गुणगुणणारा. साधा ‘ज’ मी ‘मी’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दासाठी वापरते. तो आपल्या कुठल्याच ज सारखा नाही. लांब ‘शऽऽ’ म्हणा आणि त्यातच गळा घुमवा, झाला तयार. गळ्याला बोट लावलं की घुमणं कळतं.

‘ए’ हा ओठ ताणून, जवळजवळ हसत म्हणायचा. ‘ऍ’ म्हणताना जबडा थोडा खाली सोडायचा, पण ‘बॅट’मधल्याइतका नाही. आणि ‘त्यू’, ‘व्यू’ असं लिहीन तेव्हा त्यात य वाचू नका. तो एकच स्वर आहे: ई म्हणत राहायचं, जीभ तसूभरही हलवायची नाही, आणि ओठांचा चंबू करायचा.

आणखी एक, आपल्या फायद्याचं. फ्रेंच त आणि द हे आपलेच त आणि द आहेत, दातांवरचे. इंग्रजी शाळेच्या सवयीने मुलं तिथे ट-ड घालतात, ते आधी विसरायचं. प, त, क यांत ह मिसळायचा नाही. हे इंग्रज माणसाला महिनोन्‌महिने जमत नाही, आपल्याला फुकट मिळालंय.

शेपूट छाटायची

सगळ्या पुस्तकांत पहिलं क्रियापद तेच, ‘पार्ले’, म्हणजे बोलणे. पार्ल्यात राहून पार्ले शिकतो यावर बॅच एकदा हसून घेते आणि मग कामाला लागते. वर्तमानकाळात ते असं चालतं: ज-पार्ल्, त्यू-पार्ल्, इल्-पार्ल्, नू-पार्-लोँ, वू-पार्-ले, इल्-पार्ल्. कागदावर शेपट्या वेगवेगळ्या आहेत: ई, ई-एस, ई, ओ-एन-एस, ई-झेड, ई-एन-टी. कानाला सहापैकी चार रूपं एकसारखी. ई, ई-एस आणि ई-एन-टी या तिन्ही शेपट्यांवर पेन्सिलीने आडवी रेघ मारायची, वाचायच्या आधीच. मी सुरुवातीला मुलांना अख्खं पान देते आणि एकही शब्द न वाचता नुसत्या शेपट्या छाटायला सांगते. कंटाळवाणं काम आहे, पण डोळ्याला सवय लागते.

ई-एन-टी म्हटलं की आपल्याला नाक-कान-घशाचा डॉक्टर आठवतो. गंमत म्हणजे या शेपटीला नाकही नाही, कानही नाही, घसाही नाही. ती फक्त कागदावर असते.

पण छाटणी सुरू झाली की मुलं हात धुऊन मागे लागतात आणि दिसेल तो ई-एन-टी कापतात. तसं नाही. ‘ते’ किंवा ‘त्या’ हा अनेकवचनी कर्ता असेल तेव्हाचाच प्रत्यय मुका. ‘तो येतो’ याचं इल्-व्येँ, त्याच्याही शेवटी हीच तीन अक्षरं आहेत, पण तिथे नाकातला स्वर स्पष्ट ऐकू येतो. ‘तो खोटं बोलतो’ हे इल्-माँ. नामात आणि क्रियाविशेषणातही हीच अक्षरं बोलतात. फ्रेंच शाळांत यासाठी एक जुनं वाक्य आहे, मठातल्या कोंबड्या अंडी उबवतात: ले-पूल्-द्यू-कू-वाँ-कूव्. शेवटचे दोन शब्द कागदावर हुबेहूब सारखे. पहिला मठ, म्हणून कू-वाँ, दोन ठोके. दुसरा उबवतात, म्हणून कूव्, एक ठोका. तसंच प्रे-ज़ि-दाँ म्हणजे अध्यक्ष, आणि इल्-प्रे-ज़िद् म्हणजे ते अध्यक्षस्थानी असतात. ज्याने हे वाक्य एकदा मोठ्याने म्हटलं, तो पुन्हा आंधळी छाटणी करत नाही.

अनेकवचनात व्यंजन जागं होतं

फ्रेंच क्रियापदांची तीन कुळं मानतात. पार्लेच्या कुळातल्या बहुतेक क्रियापदांत तो आणि ते यांत कानाला फरक नाही. बाकीच्या दोन कुळांत आहे, आणि तो शेवटच्या व्यंजनात आहे. पुस्तकं एकवचनाकडून अनेकवचनाकडे जातात. मला हे उलटं शिकवणं सोपं वाटतं: आधी ‘ते’चं रूप पाठ करा, मग शेवटचं व्यंजन गिळा, ‘तो’चं रूप हातात येतं. इल्-फि-निस्, ते संपवतात. स गिळला की इल्-फि-नि, तो संपवतो. इल्-मॅत्, ते ठेवतात, वरून इल्-मॅ. इल्-दॉर्म्, ते झोपतात, वरून इल्-दॉर्. इल्-वाँद्, ते विकतात, वरून इल्-वाँ. जिथे न गिळायचा असतो तिथे तो जाता जाता स्वराला नाकात ढकलून जातो, आणि स्वरही बदलतो: इल्-व्यॅन् वरून इल्-व्येँ, इल्-प्रॅन् वरून इल्-प्राँ. ही शेवटची जोडी, घेतात आणि घेतो, रोज सकाळी म्हणायची. ‘इल् प्राँ’ला शेवटी चुकून न लागला, तर समोरच्याला एक माणूस घेतोय की चारजण घेतायत ते कळेनासं होतं.

कापायचं कुठे

इथे आपली लिपी रोमनपेक्षा पुढे आहे. फ्रेंच ठोका शक्यतो स्वरावर संपतो. दोन स्वरांच्या मधलं एकटं व्यंजन पुढच्या स्वराकडे जातं. आपलं अक्षर हेच तर करतं, व्यंजन आधी, स्वर मागून. ‘आपण संपवतो’ याच्या रूपात दोन एस आहेत, आणि ओळीच्या शेवटी शब्द तोडायचा तर छपाईचा नियम त्या दोन एसच्या मधून तोडायला सांगतो. बोलताना स एकच: नू-फि-नि-सोँ. मुलं छपाईची तोड बघून ‘फि-निस्-सोँ’ म्हणतात. छपाईचा नियम छपाईपुरता, कानाचा वेगळा.

दोन वेगळी व्यंजनं आली तर बहुधा मधून कापायचं: पार्-ले, रॅस्-ते (राहणे), मार्-शे (चालणे). मात्र दुसरं व्यंजन र किंवा ल असेल आणि पहिलं प, ब, त, द, क, ग, फ, व यांपैकी असेल, तर जोडाक्षर करून पुढे न्यायचं. ऊ-व्रिर् म्हणजे उघडणे, मोँ-त्रे म्हणजे दाखवणे. देवनागरीत लिहिताना हात आपोआप ‘व्र’ आणि ‘त्र’ लिहितो, विचार करावा लागत नाही. रोमन जी-एन ही जोडीही एकच आवाज आहे, साधारण न्य: गा-न्ये, जिंकणे किंवा कमावणे.

य चं प्रकरण थोडं पाहू, कारण इथे ठोके चुकतात. पार्लेच्या अपूर्ण भूतकाळात ‘आपण बोलायचो’ हे नू-पार्-ल्योँ. ‘ल्यो’ हे आपल्याला सरळ जोडाक्षर, त्यामुळे कर्ता सोडून दोनच ठोके. पण ‘आपण उघडायचो’मध्ये आधीच ‘व्र’ आहे, त्यावर आणखी य चढवला तर फ्रेंच जिभेला ते ओझं होतं. म्हणून तो ई होऊन स्वतःचा ठोका घेतो: नू-ज़ू-व्रि-योँ (हा ज़ कुठून आला ते पुढे). तसंच ऊ-ब्लि-ये, विसरणे, तीन ठोके. आणि हॉटेलात, ऑफिसात, परीक्षेत सगळीकडे लागणारं ‘तुम्हाला आवडेल का’ यातलं वू-वू-द्रि-ये. मराठी जिभेला ‘द्र्ये’ म्हणता येतं, म्हणून मुलं ते एका ठोक्यात उरकतात. उरकू नका.

मुका ई कधी जातो, कधी राहतो

मधला ई आपल्या ‘करतो’मधल्या अ सारखा. विकत घेणे हे क्रियापद कागदावर तीन तुकड्यांचं, तोंडात आश्-ते. नू-ज़ाश्-तोँ, आपण विकत घेतो. पण ‘मी विकत घेतो’ म्हणताना शेवटचा ई आधीच मुका झालेला असतो. मग मधलाही गिळला तर शब्दात काही उरतच नाही. म्हणून मधला ई जागा होतो आणि ऍ बनतो: जा-शॅत्. लिहिताना त्याच्या डोक्यावर उतरती रेघ येते ती त्यासाठी. बोलावणे हे आ-प्ले, आपण बोलावतो नू-ज़ा-प्लोँ, आणि मी बोलावतो जा-पॅल्. इथे रेघेऐवजी एल दुप्पट करतात. मुलं हे सगळं ‘स्पेलिंगमधले अपवाद’ म्हणून घोकतात. अपवाद कसले? ठोका व्यंजनावर बंद होतो आहे, म्हणून स्वर उघडतो आहे, आणि स्पेलिंग बिचारं त्याच्या मागे धावतंय. आधी टेबलावर ठोका वाजवा, स्पेलिंग मागून येईल.

कधीकधी स्पेलिंग धावायला उशीर करतं. ‘मी सोडून देईन’ या अर्थाच्या रूपाचा उच्चार ज-सॅद्-रे, पण लिहिताना त्यावर बंद ए ची चढती रेघ चालत आली होती. डिसेंबर १९९०मध्ये फ्रान्सच्या सरकारी राजपत्रात शुद्धलेखनाच्या सुधारणा छापून आल्या, त्यांत इथे उतरती रेघ द्यायला मान्यता मिळाली. जुनं लेखनही चूक धरत नाहीत, त्यामुळे पुस्तकात दोन्ही दिसेल. उच्चार बदलू नका.

ई गिळण्याला मर्यादा आहे, आणि ती व्यंजनांच्या गर्दीची आहे. गिळल्यावर तीन व्यंजनं एकमेकांवर आदळणार असतील तर ई राहतो. मोरिस ग्रामोँ या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा तीन व्यंजनांचा नियम मांडला. पुढे त्याला फाटे फुटले, पण क्लासपुरता तो पुरतो. ‘मी देईन’ हे ज-दॉन्-रे. न आणि र दोनच, म्हणून ई गेला. ‘मी बोलेन’ हे ज-पार्-ल-रे. इथे ई काढला तर र-ल-र असा गुंता होईल, म्हणून ल मध्ये आपला साधा अ टिकतो. ‘मी दाखवेन’, ज-मोँ-त्र-रे. भविष्यकाळाचं कुठलंही रूप दिसलं की र च्या आधी किती व्यंजनं साचतायत ते बघायचं, एवढंच.

दक्षिण फ्रान्समध्ये, मार्सेय-तुलूझकडे, हे गिळणं कमी. तिथला माणूस ‘पार्-ल’ असा दुसरा ठोका बऱ्याचदा ऐकवतो. तो अशुद्ध बोलत नाही, त्याच्याकडची पद्धत तशी आहे. यूट्यूबवर असं कुणी ऐकून ‘मॅडम, तुम्ही तर म्हणालात मुका असतो’ म्हणत येणारी मुलं दर वर्षी असतात.

शब्दांच्या सांध्यावर

फ्रेंचमध्ये ठोका शब्दाची हद्द मानत नाही. इल् आणि ऍम्, तो प्रेम करतो, हे बोलताना इ-लॅम् होतं. ल पुढे सरकतो. अनेकवचनात कर्त्याचा मुका एस जागा होतो आणि ज़ बनतो: इल्-ज़ॅम्. मघाशी म्हटलं पार्लेच्या कुळात तो आणि ते सारखेच ऐकू येतात; पण क्रियापद स्वराने सुरू झालं की हा ज़ सगळं सांगून टाकतो. सर्वनाम आणि क्रियापद यांच्यामध्ये हा सांधा ऐच्छिक नाही, जोडायलाच लागतो. सुरुवातीचा एच उच्चारात नसतोच, म्हणून ‘आम्ही राहतो’ हे नू-ज़ा-बि-तोँ. काही थोडे एच मात्र अडून बसतात: ‘आम्ही द्वेष करतो’ हे नू-आ-इ-सोँ, मध्ये ज़ नाही.

इल्-ज़ोँ म्हणजे त्यांच्याकडे आहे. इल्-सोँ म्हणजे ते आहेत. सगळा फरक ज़ आणि स चा. गळ्याला बोट लावून दोन्ही म्हणा. पहिल्यात सांध्यावर गळा घुमतो, दुसऱ्यात क्षणभर थांबतो.

प्रश्न विचारताना क्रियापद आधी आलं तर सांध्यावर त येतो, मग लिहिलेलं अक्षर डी का असेना. प्राँ-तिल्, घेतो का तो? ‘पार्ले’च्या प्रश्नात मुळात टी नाही, तर तो मुद्दाम आणून बसवतात: पार्ल्-तिल्, सावकाश बोललं तर पार्-ल-तिल्.

ज आणि जे

टीईएफवाल्यांनी बाकी काही वाचलं नाही तरी हे वाचा. काम करणे, त्रा-वा-ये. मधली आय-एल-एल ही तीन अक्षरं मिळून एक य.

ज-त्रा-वाय्, मी काम करतो.
जे-त्रा-वा-ये, मी काम केलं.
ज-त्रा-वा-यॅ, मी काम करायचो.

ऐरोलीच्या एका आयटी कंपनीतला मुलगा पुण्यातल्या आधीच्या नोकरीबद्दल सांगत होता. व्याकरणाच्या वहीत त्याचं एकही रूप चुकत नाही. तोंडातून मात्र दर वेळी ‘ज-त्रा-वा-ये’ बाहेर पडायचं, सुरुवात वर्तमानाची आणि शेवट भूतकाळाचा. ऐकणारा फ्रेंच माणूस त्याचा अर्थ ‘करायचो’ असा लावतो, आणि मग वाट बघत बसतो की करायचो, तर पुढे काय झालं. याचं कारण शेवटचा ए नव्हताच. चूक पहिल्या ठोक्यात होती. आपण वाक्य सुरू करताना पहिला शब्द घाईत टाकतो आणि जोर पुढे देतो. ‘जे’ची ‘ज’ होते. मी त्याला बाकी सगळं सोडून फक्त पहिल्या दोन ठोक्यांवर बसवलं: जे-त्रा, जे-त्रा, ज-त्रा, जे-त्रा. जत्रेसारखं ऐकू आलं तर वर्तमान नाहीतर ‘करायचो’, जेत्रा ऐकू आलं तर केलं. तो खिडकीजवळ उभा राहून म्हणत होता आणि समोरच्या बाल्कनीतल्या काकू कपडे वाळत घालायच्या थांबून बघत होत्या.

शेवटच्या ए आणि ऍ मधला फरक शिका, पण त्यावर जीव टाकू नका. उत्तर फ्रान्समधल्या कित्येकांच्या बोलण्यात ‘मी बोलेन’ आणि ‘मी बोललो असतो’ हे शेवटी सारखेच ऐकू येतात. पहिला ठोका मात्र कुणीच ढिला सोडत नाही.

काही रूपं निमूट पाठ करायची. ‘आपण करतो’ हे नू-फ-ज़ोँ. कागदावर ए-आय आहे, तरी तिथे साधा अ. ‘तुम्ही करता’ मात्र वू-फॅत्. ‘असणे’चं भूतकाळी रूप, म्हणजे मालकीच्या अर्थाचं, दोन अक्षरांचं असून एकच स्वर आहे, तोच चंबूवाला: जे-यू, माझ्याकडे होतं. याचा ‘जे-इ-यू’ करू नका.

सराव उलटा करायचा

लांब रूप अडलं की शेवटाकडून बांधायचं. सोँ. नि-सोँ. फि-नि-सोँ. नू-फि-नि-सोँ. फ्रेंचमध्ये वजन शब्दसमूहाच्या शेवटच्या ठोक्यावर पडतं, तो थोडा लांबतो. शेवटाकडून बांधलं की तो ठोका सगळ्यात जास्त वेळा म्हटला जातो आणि वजन आपोआप जागेवर बसतं. पुढून वाचत गेलं की आपला दम सुरुवातीलाच खर्च होतो.

मग फोनवर व्हॉइस नोट करायची, स्वतःलाच पाठवायची, आणि दुसऱ्या दिवशी ट्रेनमध्ये इअरफोन लावून ऐकत वहीत ठोके मोजायचे. लगेच ऐकू नका. लगेच ऐकलं तर आपल्याला काय म्हणायचं होतं तेच ऐकू येतं. ठोके जुळले की त्या रूपावरची पेन्सिलीची देवनागरी खोडून टाकायची. ज्या रूपांवर ती महिन्याभरानेही शिल्लक आहे, तेवढीच तुमची अडलेली रूपं. सगळं पुस्तक पुन्हा पाठ करायची गरज नाही.

केबेकला, म्हणजे कॅनडाच्या फ्रेंच बोलणाऱ्या प्रांतात, जाणाऱ्यांसाठी एक जास्तीची गोष्ट. तिकडे ई आणि चंबूवाल्या स्वराच्या आधी त चा त्स होतो, द चा द्ज़. म्हणजे ‘तू’ या अर्थाचं त्यू तिथे ‘चमचा’मधल्या च ने सुरू होतं, आणि ‘तू सांगतोस’ हे त्स्यू-द्ज़ि. पॅरिसची सवय असलेला माणूस पहिल्यांदा ऐकून बिचकतो. आपल्याकडे हे दोन्ही आवाज घरचेच आहेत. पण बोलताना स्वतःहून तसं करायची गरज नाही, ऐकून कळलं की पुरे.

आणि र. सगळे पहिल्या दिवशी र विचारतात, मी तो सगळ्यात शेवटी शिकवते, कारण आपला मराठी र घालूनही फ्रेंच माणसाला क्रियापद कळतं, ठोका चुकला तर कळत नाही. शिकायचाच असेल तर जिभेचं टोक खालच्या दातांमागे टेकवून ठेवा, तिथून हलू देऊ नका. जिभेचा मागचा भाग पडजिभेकडे न्या आणि उर्दूतला ग़, ‘ग़ज़ल’मधला, हळू घासून म्हणा. जोर लावला तर घसा दुखेल आणि आवाजही चुकीचा येईल. हा घुमणारा र ऊ-व्रिर् मध्ये व नंतर येतो. प, त, क नंतर मात्र तो घुमत नाही, ‘ख़बर’मधल्या ख़ सारखा कोरडा होतो: प्राँ, त्रा-वा-ये. आधी कोरडा शिका, तो सोपा आहे. इल्-प्रॅन्, इल्-प्राँ ही जोडी तर तुम्ही सकाळी म्हणताच आहात, त्यातच तो बसवा, आणि जमला की मग व्र कडे वळा.